लहान घरातील सामान आणि उजेड : शाश्वत डिझाइनच्या निकषांची चिकित्सा

प्रास्ताविक

गेल्या काही दशकांत गृहसजावटीविषयीच्या लेखनात ‘शाश्वत’ हे विशेषण सर्रास वापरले जाऊ लागले आहे. बांबूची खुर्ची, भिंतीत मिटणारा पलंग, एलईडीचे दिवे, जुन्या लाकडाचे टेबल अशा वस्तूंना हे विशेषण लावले की त्यांच्या गुणदोषांची चर्चा संपली, असे मानण्याकडे या लेखनाचा कल दिसतो. वस्तू कोणत्या द्रव्याची आहे आणि ती किती वीज घेते, हे दोनच प्रश्न त्यात प्रामुख्याने विचारले जातात. ती वस्तू किती आकाराच्या खोलीत, किती माणसांच्या वावरात आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी वापरली जाणार आहे, हा प्रश्न मात्र बहुधा अनुत्तरितच राहतो.

प्रस्तुत लेखात लहान घरांसाठीच्या फर्निचरचा आणि प्रकाशयोजनेचा विचार मुंबईतील एका खोलीच्या घराच्या संदर्भात केला आहे. विसाव्या शतकातील काही गाजलेल्या रचना या घराच्या कसोटीवर कितपत उतरतात, हे तपासणे हा लेखाचा हेतू आहे. लहान घरातील शाश्वततेचा प्रश्न हा द्रव्याचा व विजेचा आहेच. पण त्याआधी तो वाटपाचा प्रश्न आहे. एकच जागा आणि एकच उजेड अनेक माणसांत तासागणिक कसा वाटला जातो, याचे उत्तर जी रचना देत नाही तिला लहान घरापुरते तरी शाश्वत म्हणता येणार नाही, अशी या लेखाची मांडणी आहे.

१. समान क्षेत्रफळ, भिन्न घरे

लहान घराच्या डिझाइनचा आदर्श म्हणून ल कॉर्बुझिए यांच्या ‘काबानों’चा उल्लेख नेहमी होतो. फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर रोकब्रून-कॅप-मार्तँ येथे १९५२ मध्ये उभारलेली ही लाकडी कुटी आतून ३.६६ मीटर लांब व तितकीच रुंद आहे. म्हणजे तिचे क्षेत्रफळ सुमारे १४४ चौरस फूट भरते. पलंग, टेबल, खोक्याच्या आकाराची बैठक, कपाट हे सर्व तिच्यात मोजूनमापून बसवले आहे. खिडक्यांच्या झडपांना आरसे लावून बाहेरचा उजेड व समुद्राचे दृश्य आत घेण्याची युक्तीही तिथे केलेली आढळते. २०१६ मध्ये युनेस्कोने ल कॉर्बुझिए यांच्या ज्या सतरा वास्तूंचा जागतिक वारसायादीत समावेश केला, त्यांत चंडीगढच्या कॅपिटॉल संकुलाबरोबर ही कुटीही आहे.

याच्याशी तुलना करण्यासारखी खोली मुंबईत हजारोंच्या संख्येने बांधली गेली. १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे ज्या चाळी बांधल्या, त्यांतील खोली साधारण १६० चौरस फुटांची होती. तळमजला अधिक तीन मजले, मधून जाणारा लांब बोळ, बोळाच्या दोन्ही अंगांना खोल्या आणि प्रत्येक मजल्यावर सामाईक शौचालये अशी त्यांची रचना. काबानोंपेक्षा ही खोली सोळा चौरस फुटांनी मोठीच म्हणावी लागेल.

क्षेत्रफळातील हे साम्य मात्र फसवे आहे. काबानोंमध्ये स्वयंपाकघर नाही; शेजारच्या उपाहारगृहात जाण्यासाठी कुटीतूनच दार ठेवलेले आहे. कामासाठी जवळच दुसरी छोटी खोपटी होती. शिवाय ती सुटीत राहण्याची जागा होती आणि तिच्या मालकाचे पॅरिसमध्ये घर होते. चाळीच्या खोलीत स्वयंपाक, मोरी, देवघर, अभ्यास, आजारपण, बाळंतपण आणि पाहुणचार हे सर्व एकाच छताखाली होत असे. पहिल्या उदाहरणात लहानपण पत्करलेले आहे, तर दुसऱ्यात ते परिस्थितीने लादलेले आहे. लहान घरावरील बरेचसे डिझाइन-लेखन पहिल्या प्रकारातून निकष घेते आणि ते दुसऱ्या प्रकाराला लावते. त्यामुळे एका माणसाच्या गरजांची नीटनेटकी मांडणी म्हणजे लहान घराचे उत्तर, असा समज रूढ होतो. काबानोंचे सौंदर्य याने कमी होत नाही; परंतु कुटुंबाच्या घरासाठी तिला नमुना मानणे गैर ठरते.

२. एक अंथरूण, एक दिवा

लादलेल्या लहानपणात जागेचे आणि उजेडाचे वाटप कसे होत असे, याचे अत्यंत बोलके उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेत सापडते. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात परळमधील एका खोलीच्या बिऱ्हाडाचे वर्णन आहे. खोलीत सर्वांना एकाच वेळी झोपण्यापुरती जागा नव्हती. वडील रात्री दोन वाजेपर्यंत जागत, मग मुलाला अभ्यासासाठी उठवत आणि त्याच्या जागी स्वतः झोपत. मुलाचा अभ्यास काच नसलेल्या रॉकेलच्या दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात चाले.

या प्रसंगाकडे सामान्यतः जिद्दीची कहाणी म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. डिझाइनच्या दृष्टीने पाहिले तर त्यात आणखी एक गोष्ट दिसते. येथे जागेची टंचाई वेळेच्या वाटपाने भरून काढलेली आहे. एकच अंथरूण दोघांनी पाळीपाळीने वापरले आहे आणि ही पाळी शक्य व्हावी म्हणून एका वडीलधाऱ्या माणसाने आपल्या झोपेची वेळ पुढे ढकलली आहे. दिवा अपुरा होता आणि तोही जेथे इतर माणसे झोपली होती त्याच खोलीत लावावा लागत होता. या घराला शाश्वत द्रव्याची वाण नव्हती. तिथे अतिरिक्त वस्तू जवळजवळ नव्हत्याच. वाण होती ती अशा रचनेची, जिच्यामुळे एकाचा अभ्यास आणि दुसऱ्याची झोप एकमेकांच्या आड येणार नाहीत. लहान घरासाठीच्या फर्निचरचे आणि दिव्याचे मूल्यमापन करताना हीच कसोटी प्रथम लावावयास हवी.

३. मूल्यमापनाचे निकष

भारतीय संदर्भात निकषांचा विचार करताना चार्ल्स व रे ईम्स यांनी १९५८ मध्ये भारत सरकारला सादर केलेला ‘इंडिया रिपोर्ट’ टाळून पुढे जाता येत नाही. अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली, ती या अहवालाच्या आधाराने. अहवालात लोट्याची प्रशंसा आहे. तो किती पाणी धरतो, भरलेला व रिकामा असताना कसा तोलला जातो, हाताला कसा लागतो, कसा घासला जातो, त्याची किंमत काय आणि निकामी झाल्यावर मोडीत त्याचे काय मोल येते, असे प्रश्न त्यांनी विचारले आहेत. वस्तूच्या अखेरच्या मोलाचा प्रश्न १९५८ मध्ये विचारला गेला, ही लक्षणीय बाब होय.

ईम्स यांच्या प्रश्नावलीत लोटा मात्र एका हातात असतो. लहान घरातील वस्तू अनेक हातांतून जाते. म्हणून त्या प्रश्नावलीला तीन प्रश्न जोडणे आवश्यक ठरते. वापर संपल्यावर वस्तू जागा सोडते का? ती जागा सोडावी म्हणून कोणाला श्रम पडतात? आणि एकाने ती वापरली असता दुसऱ्याचे काय अडते? पुढील चर्चा या तीन प्रश्नांच्या अनुषंगाने केली आहे.

४. फर्निचर : जागा सोडण्याचा गुण

महाराष्ट्रीय घरात जागा सोडणाऱ्या वस्तूंची परंपरा मोठी आहे. वळकटी, घडीची चटई, पाट, खुंटी, फडताळ, भिंतीतील कोनाडा, पोटमाळा आणि कपडे वाळत घालण्याची छताजवळची दांडी या सर्वांत एक समान सूत्र आहे. जमीन मोकळी ठेवून सामान भिंतीत किंवा छताकडे न्यावयाचे, हे ते सूत्र होय. साडेसहा फूट लांब आणि सहा फूट रुंद असा दुहेरी पलंग ३९ चौरस फूट जागा व्यापतो. १६० चौरस फुटांच्या खोलीत तो जवळजवळ पाव घर कायमचे अडवून बसतो. वळकटी तेवढीच जागा रात्रीपुरती घेते आणि सकाळी परत देते. पलंग शाश्वत लाकडाचा असला तरी या हिशेबात फरक पडत नाही.

तथापि वळकटीचे गुणगान करताना दुसऱ्या प्रश्नाचा विसर पडतो. रोज अंथरुणे घालणे, काढणे, रचणे हे काम बहुतांश घरांत स्त्रियांकडे असते. जागा मोकळी होते ती त्यांच्या श्रमाने. गुडघ्यांनी साथ सोडलेल्या वृद्धाला जमिनीवरून उठणे कठीण जाते; त्याला लोखंडी कॉटच हवी असते. अशा कॉटखाली ट्रंका सरकवून कुटुंबांनी स्वतःच जो तोडगा काढला, तो आज दुकानात मिळणाऱ्या ‘स्टोरेज’च्या पलंगाचा पूर्वज आहे. परंपरेचा गौरव करणारे लेखन श्रमाचा हा हिशेब मांडत नसेल तर ते अपुरे ठरते.

पाश्चात्य देशांत १९७०च्या दशकात स्वस्त आणि साध्या फर्निचरचे दोन महत्त्वाचे प्रयत्न झाले. व्हिक्टर पापानेक आणि जेम्स हेनेसी यांचे ‘नोमॅडिक फर्निचर’ हे पुस्तक १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. घडी होणाऱ्या, एकावर एक रचता येणाऱ्या आणि घरी बनवता येणाऱ्या वस्तूंचे आराखडे त्यात आहेत. १९७४ मध्ये इटलीतील एन्झो मारी यांनी ‘आउतोप्रोजेत्ताझिओने’ या प्रकल्पातून साध्या फळ्या व खिळे यांपासून टेबल, खुर्ची, पलंग बनवण्याचे आराखडे केवळ टपालखर्चात लोकांना उपलब्ध करून दिले. वस्तू स्वतः बनवणारा माणूस तिची रचना समजून घेतो आणि दुकानातील वस्तूकडे चिकित्सकपणे पाहू लागतो, ही मारी यांची भूमिका मोलाची आहे. परंतु त्यांचे टेबल मिटत नाही आणि त्यांचा पलंग जागा सोडत नाही. फळ्या कापण्यासाठीही अंगण किंवा निदान रिकामी खोली लागते. चाळीत ही सोय सुताराकडे होती. तो बोळात बसून जुन्या फळीची मांडणी करून देई. या बाबतीत पापानेक आणि हेनेसी यांची घडीची दृष्टी भारतीय लहान घराला अधिक जवळची वाटते. मात्र सतत बिऱ्हाड बदलणारा एकटा तरुण त्यांच्या नजरेसमोर आहे. एकाच खोलीत तीन पिढ्या काढणारे कुटुंब त्यांच्या विचारात येत नाही.

द्रव्याचा प्रश्न या टप्प्यावर विचारात घेणे सयुक्तिक ठरते. आज बाजारात मिळणारे बरेचसे ‘मॉड्युलर’ फर्निचर पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ यांचे असते. लाकडाचा भुसा व कपच्या यांचा त्यात उपयोग होतो, म्हणून त्याला पर्यावरणस्नेही म्हटले जाते. ते जोडण्यासाठी प्रायः युरिया-फॉर्मल्डिहाइडचे रेझिन वापरतात. फॉर्मल्डिहाइड मानवात कर्करोग निर्माण करणारे आहे, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये काढला. कमी उत्सर्जनाचे बोर्डही मिळतात. परंतु लहान, कमी हवेशीर खोलीत या वायूचे प्रमाण तुलनेने वाढते, ही बाब लहान घरासाठी विशेष महत्त्वाची आहे. कोकण किनाऱ्यावरील पावसाळ्यात पाणी लागले की असा बोर्ड फुगतो आणि बिजागरीचा स्क्रू एकदा सैल झाला की पुन्हा पकड घेत नाही. मग दुरुस्ती संपते आणि वस्तू कचऱ्यात जाते.

याउलट पोलादी कपाटाचा हिशेब पाहावा. झोतभट्टीतील एक टन पोलादामागे ढोबळमानाने दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कपाटाचे वजन शंभर किलो धरले तर त्याच्या वाट्याला सुमारे दोनशे किलो येतो. हा आकडा लहान नाही. पण तेच कपाट पन्नास वर्षे टिकले तर वर्षाला चार किलो पडतात आणि अखेरीस त्याला मोडीत किंमतही येते. मराठी घरांत आजीच्या लग्नातले लोखंडी कपाट रंग देऊन नातीने वापरावे, हे दृश्य विरळ नाही. जुन्या इमारती पाडल्यावर निघणारा सागवान पुन्हा रंधून वापरला जातो, त्यामागेही हाच न्याय आहे. ‘हरित’ द्रव्याचा आग्रह धरणाऱ्या लेखनात वस्तूच्या आयुष्याचा भागाकार क्वचितच केलेला आढळतो.

५. प्रकाशयोजना : उजेड कोठे आणि कोणासाठी

दिव्यांच्या बाबतीत गेल्या दशकात भारतात फार मोठा बदल झाला. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वितरित झाले. ६० वॅटच्या जुन्या दिव्याइतका उजेड ९ वॅटचा एलईडी दिवा देतो. ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. परंतु दिवा बदलल्याने त्याची जागा बदलली नाही. खोलीच्या मध्यभागी, छताला किंवा भिंतीवर उंच लावलेला एकच दिवा हे लहान घराचे चित्र कायम राहिले.

याचा परिणाम साध्या गणिताने दाखवता येतो. ८०० ल्युमेनचा दिवा सर्व दिशांना सारखा प्रकाश देतो असे गृहीत धरले आणि भिंतींवरून परतणारा उजेड बाजूस ठेवला, तर अर्ध्या मीटरवर सुमारे २५५ लक्स आणि दोन मीटरवर सुमारे १६ लक्स उजेड पडतो. अंतर चौपट झाले की उजेड सोळा पटींनी घटतो. म्हणजे वाचणाऱ्याच्या पुस्तकावर पुरेसा उजेड पाडण्यासाठी छतावरचा दिवा फार प्रखर असावा लागतो आणि तो प्रखर झाला की झोपलेल्याच्या डोळ्यांवर येतो. तोच नऊ वॅटचा किंवा त्याहूनही लहान दिवा झाकण घालून वहीजवळ आणला तर अभ्यास होतो आणि उरलेली खोली अंधारात राहते. वीजबचत आणि झोप या दोन्ही गोष्टी एकाच उपायाने साधतात. परळच्या त्या खोलीतील प्रश्नाचे तांत्रिक उत्तर आज अल्प खर्चात उपलब्ध आहे. तरीही नव्या घरांच्या वीजजोडणीत अभ्यासाच्या कोपऱ्याजवळ, जमिनीपासून हाताच्या उंचीवर, स्वतंत्र बटणाचा प्लग ठेवण्याचा विचार अभावानेच दिसतो.

हलता दिवा ही कल्पना नवी नाही. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये रचलेल्या फ्रँकफुर्ट स्वयंपाकघरात काम असेल तिकडे सरकवता येणारा छताचा दिवा होता. १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब अशा त्या खोलीत प्रत्येक हालचाल मोजलेली होती. एकाच व्यक्तीला काम करता येईल अशी ती खोली असल्याने स्वयंपाक करणारी स्त्री घरापासून तुटते, ही त्यावरील टीका रास्त आहे. परंतु उजेडाने माणसाच्या मागे जावे, ही त्यातील दृष्टी लहान घराने स्वीकारण्याजोगी आहे. इसामू नोगुची यांनी १९५१ पासून जपानमधील गिफू येथे घडवलेले कागद व बांबूचे ‘आकारी’ दिवे मिटून सपाट होतात, हा त्यांचा मोठा गुण. मात्र जेथे फोडणीचा धूर आणि पावसाळी ओल एकाच खोलीत असतात, तेथे कागदी आवरण किती काळ तग धरेल याविषयी शंका वाटते. दिवाळीपुरता बाहेर येऊन वर्षभर पोटमाळ्यावर राहणारा आकाशकंदील या दृष्टीने अधिक शहाणा म्हणावा लागेल.

उजेडाच्या काटकसरीला दोन गोष्टी छेद देतात. पहिली विल्यम स्टॅनली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये कोळशाच्या संदर्भात दाखवून दिली होती : एखादे साधन काटकसरीचे झाले की त्याचा एकूण वापर वाढू शकतो. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या खोट्या छतात दहा-बारा दिवे बसवण्याची प्रथा एलईडीच्या स्वस्ताईमुळेच बळावली. लहान घरात हे छत उंचीही कमी करते. दुसरी गोष्ट दुरुस्तीची. जुन्या ट्यूबलाइटचा चोक वा स्टार्टर बिघडला तर तेवढाच बदलता येई; ट्यूबमध्ये पारा असे आणि तिला वीजही अधिक लागे, हे दोष मान्य करूनही तिची रचना उघडता येण्याजोगी होती. आजच्या अनेक सीलबंद एलईडी पॅनेलांत विद्युतप्रवाह नियंत्रित करणारा लहानसा भाग निकामी झाला की डायोड शाबूत असूनही अख्खा दिवा फेकावा लागतो.

दिव्यांच्या चर्चेत पंख्याचा विसर पडतो, हेही नमूद करावयास हवे. साठऐवजी नऊ वॅटचा दिवा दिवसाला सहा तास वापरला तर सुमारे ०.३ युनिट वाचते. पंचाहत्तर वॅटच्या पंख्याऐवजी तीस वॅटचा बीएलडीसी पंखा सोळा तास चालवला तर ०.७२ युनिट वाचते. माणसे अधिक आणि हवा कमी अशा खोलीत पंखा जवळजवळ अखंड फिरतो. म्हणून तिथल्या वीजबचतीचा विचार त्याच्यापासूनच सुरू व्हावा.

६. नव्या घरांपुढील प्रश्न

हा सर्व विचार केवळ सैद्धांतिक नाही. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर देण्याचे ठरले आणि वरळीतील पहिल्या ५५६ घरांचे वाटप ऑगस्ट २०२५ मध्ये झाले. शंभर वर्षांच्या दाटीनंतर स्वतंत्र स्वयंपाकघर, स्वतःचे शौचालय आणि दार लावून बसता येईल अशी खोली मिळणे ही न्याय्य गोष्ट आहे. तिची तुलना जुन्या बोळातील आपलेपणाशी करून हळहळणे हे त्या दाटीत कधी न राहिलेल्यांनाच परवडते.

मात्र चाळीचा बोळ हाही घराचाच भाग होता. रात्री पुरुषांची अंथरुणे तिथे पडत, दुपारी निवडणे-टिपणे तिथे चाले आणि उत्सवात मंडप तिथेच सजे. नव्या इमारतीत हे सर्व पाचशे चौरस फुटांच्या आत यावयाचे आहे. तीन आसनी सोफा, भिंतभर टीव्ही युनिट आणि प्रत्येक खोलीत न हलणारा पलंग अशी मांडणी केली, तर वाढलेली जागा फर्निचरच खाऊन टाकते आणि अभ्यासाला बसणाऱ्या मुलाला पुन्हा स्वयंपाकघराच्या ओट्यावर जागा शोधावी लागते. स्थापत्य, गृहविज्ञान आणि समाजशास्त्र या विषयांचे अध्यापन करणाऱ्यांसाठी येथे अभ्यासाचे मोठे क्षेत्र खुले आहे. विद्यार्थ्यांनी अशा घरांत जाऊन कोणती वस्तू कोणत्या तासाला कोण वापरते, याच्या नोंदी केल्या तर आयात निकषांपेक्षा भक्कम निकष हाती येतील.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, लहान घरासाठीच्या शाश्वत डिझाइनची प्रचलित चर्चा द्रव्य आणि वीज यांच्याभोवती घुटमळते आणि एकट्या राहणाऱ्या व्यक्तीला प्रमाण मानते. काबानों, फ्रँकफुर्ट स्वयंपाकघर, मारी यांच्या फळ्या आणि नोगुची यांचे दिवे यांतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु अनेक माणसांच्या एका खोलीचा प्रश्न त्यांपैकी कोणीही पूर्णपणे हाताळलेला नाही. वळकटी आणि फडताळ यांनी तो हाताळला, पण स्त्रियांच्या श्रमाच्या आधारे. म्हणून यापुढील रचनांनी जागा सोडावी, ती सहजपणे सोडावी, दुरुस्त होण्याजोगे असावे आणि उजेड गरजेच्या ठिकाणीच पाडावा, ही किमान अपेक्षा आहे. रात्री दोन वाजता एकाला वाचता यावे आणि त्याच खोलीत दुसऱ्याला निजता यावे, एवढे साधणारे सामान व दिवे घरोघरी पोहोचले तर लहान घराच्या संदर्भात ‘शाश्वत’ या शब्दाला खरा अर्थ प्राप्त होईल.